मडगार्डावरचा एक्का

निसानची एक टनी गाडी आता रस्त्यावर सहसा दिसत नाही. तिच्याच घरातली जोंगा लोकांना ठाऊक असते. 2019 साली महेंद्रसिंह धोनीने एक जोंगा घेतली तेव्हा वर्तमानपत्रांत तिचे फोटोही झळकले. एक टनीच्या वाट्याला ते कौतुक फारसं आलं नाही. लांब उभट नाक, वर कॅनव्हासचं छप्पर, मागे हौदा, हौद्यात दोन्ही बाजूंना बसायच्या फळ्या आणि चारही चाकांना इंजिनाची ताकद, असं हे धूड. जपानी कंपनीच्या परवान्यावर ते जबलपूरला बनायचं, 1969 नंतर तिथल्या व्हेईकल फॅक्टरीत. फौजेतली माणसं तिला नुसतं ‘वन टन’ म्हणतात. शिधा, दारूगोळा, वायरलेस, जखमी माणसं, हलक्या तोफा, जे पडेल ते तिने ओढलं आणि वय झाल्यावर ती लिलावात निघाली. लिलावातून या गाड्या जिथे जातात तिथे कौतुक करणारं कुणी नसतं. खडी क्रशर, वीटभट्ट्या, बोअरवेलची यंत्रं, डोंगरातली लाकूडतोड.

माझी गाडी फलटणच्या बाजूला एका क्रशरवर उभी होती. उभी म्हणजे, एका बाजूला कललेली. हौद्यात पाण्याची टाकी वेल्डिंगने पक्की केलेली, रंग पिवळा, त्यावर खडीची पांढरी पूड. मालकाला ती भंगारात घालायची होती आणि भाव किलोवर ठरला होता. मी तोच भाव दिला, वर थोडे पैसे कागदपत्रांसाठी. लष्कराच्या लिलावाचा कागद, त्यावरून झालेली नोंदणी, मालक बदलल्याच्या नोंदी, हे सगळं त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. जुनी फौजी गाडी घेणाऱ्या कुणालाही माझा एकच सल्ला असतो: गाडी सडलेली असली तरी चालेल, कागद सडलेले नकोत.

मी साताऱ्याला पॉलिटेक्निकमध्ये यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. इंजिनाची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढता येते, पण गंजून बसलेला बोल्ट त्या आकृतीने सुटत नाही. त्यासाठी नाना होते. नाना ईएमईतून, म्हणजे फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेतून, हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सिकंदराबादच्या सेंटरला त्यांचं ट्रेनिंग झालं आणि पुढची सगळी नोकरी व्हेईकल मेकॅनिक म्हणून गेली. आमच्याकडे मिलिटरी अपशिंग्यासारखी गावं आहेत, जिथे फौजेत कुणीच न गेलेलं घर शोधावं लागतं. नाना त्याच पट्ट्यातले. गाडी माझ्या शेडमध्ये आली त्या दिवशी त्यांनी बॉनेट उचललं, आत पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “मास्तर, हिचं काळीज कुठाय? ह्ये तर मॅटाडोरचं हाय.”

खरंच होतं. या गाड्यांचं मूळ इंजिन पेट्रोलचं, सहा सिलिंडर एका रांगेत, 3956 सीसी. फौजेत पेट्रोल सरकारचं असतं, बाहेर ते स्वतःच्या खिशातलं असतं. त्यामुळे लिलावातून गाडी घेतली की पहिलं काम म्हणजे ते इंजिन काढून मॅटाडोरचं किंवा तसलंच कुठलं तरी डिझेल बसवणं. देशातल्या बहुतेक जोंगांचं आणि एक टनींचं हेच झालं. काढलेली इंजिनं भंगारात वितळली. मला मात्र ते सहा सिलिंडरचंच हवं होतं. बायकोने विचारलं, की डिझेल चालतंय ना, मग? या प्रश्नाला शहाणं उत्तर नाही. जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाला कुठल्यातरी एका गोष्टीचा हट्ट असतो, माझा इंजिनाचा होता.

सोय एवढीच, की जोंगाचं आणि हिचं इंजिन एकाच कुळीचं. म्हणजे मेलेली जोंगा सापडली तरी काम होणार होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात काही मिळालं नाही. कुर्ल्याच्या भंगार गल्ल्यांत एकाने कार्ब्युरेटर दाखवला आणि त्याचा भाव निम्म्या गाडीएवढा सांगितला. शेवटी दिल्लीच्या मायापुरीतून एक इंजिन हाती लागलं. फोनवर मिस्त्री म्हणाला, चालू हालत में है. आम्ही ते ट्रान्स्पोर्टने मागवलं. खोलल्यावर दिसलं की क्रँक ठीक, हेडही ठीक, पण दोन सिलिंडरमध्ये पाणी बसून बसून खड्डे पडलेले. बोअर करून स्लीव्ह बसवाव्या लागल्या. साताऱ्याच्या एमआयडीसीत एक म्हातारे लेथवाले आहेत, त्यांनी ते काम घेतलं आणि मापं घेताना मला इतके प्रश्न विचारले की माझ्या विद्यार्थ्यांनी एका सत्रात विचारले नसतील. पिस्टन आणि रिंगा जोंगा पाळणाऱ्या मंडळींकडून मिळाल्या. ही मंडळी देशभर पसरलेली आहेत, एकमेकांना ओळखतात, आणि सुटा भाग विकताना आधी ‘कशासाठी हवाय’ हे विचारतात. उत्तर आवडलं नाही तर देत नाहीत.

इंजिन जुळवताना नानांना पाहणं हा एक वेगळाच अभ्यास होता. त्यांना स्पार्कचा क्रम विचारावा लागत नव्हता. एक, पाच, तीन, सहा, दोन, चार असं पुटपुटत ते वायरी लावत गेले. ग्रीस कुठे कुठे घालायचं ती ठिकाणं त्यांना पाठ. फौजेत गाडीची रोजची देखभाल नेमून दिलेली असते. आज ब्रेक, उद्या स्टीअरिंग, परवा बॅटरी, असा एकेक भाग रोज तपासायचा आणि वहीत सही करायची. नाना निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी माझ्या शेडमध्ये त्यांनी भिंतीवर खडूने तसाच तक्ता काढला. चालू होऊ न शकणाऱ्या गाडीचाही तक्ता. मी हसलो, तर म्हणाले, “मास्तर, गाडी चालू झाल्यावर शिस्त लावता येत न्हाई.”

पहिल्यांदा इंजिन पेटलं तेव्हा सायलेन्सर बसवलेला नव्हता. शेजारच्या गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. नानांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून एकेक सिलिंडर ऐकला, चौथ्यावर थांबले, टॅपेट अर्ध्याहून कमी फेरा फिरवला आणि पुन्हा ऐकलं. मग मला ऐकायला लावलं. मला काही कळलं नाही, पण फरक होता एवढं मात्र मी मान्य केलं.

चेसिसचं, पाट्यांचं, ब्रेकचं काम सांगण्यात मजा नाही. व्हील सिलिंडर सगळे बदलले, पाट्यांचे बुश बदलले, पुढच्या एक्सलच्या किंगपिन घासून गेल्या होत्या त्या नव्या केल्या. हौद्याचा तळ खडीने झिजून चाळणी झाला होता, तो जाड पत्र्याचा केला. मागचा फाळका मात्र मूळचाच निघाला आणि सरळ करून बसवला. फौजी गाडीची एक गोष्ट कौतुकाची, की तिचा प्रत्येक नट हाताला लागतो. बर्फात, अंधारात, हातमोजे घालून खोलता यावी अशीच ती बांधलेली असते. आजच्या गाडीचा दिवा बदलायला बंपर उतरवावा लागतो. असो.

खरी गोष्ट रंगापासून सुरू झाली.

पत्र्यावरचा जुना रंग काढायचा साधा मार्ग म्हणजे रिमूव्हर फासायचा, पोपडे सुटले की पत्री मारायची. आमचा पेंटर तसंच करणार होता. पण बंपरच्या एका कोपऱ्यावर पिवळ्याखालचा हिरवा दिसला आणि त्या हिरव्यात काहीतरी पांढरं, म्हणून मी त्याला थांबवलं. मग वॉटर पेपर आणला. आधी चारशे नंबर, मग आठशे, मग हजार. साबणाच्या पाण्यात बुडवून, गोल गोल, हात हलका ठेवून घासायचं. क्रशरवाल्याचा पिवळा गेला, त्याखाली कुणीतरी मारलेला निळा गेला, मग ऑलिव्ह ग्रीन लागला. तोही एक थर नव्हता. दर काही वर्षांनी फौज गाडी नव्याने रंगवते, त्यामुळे हिरव्यावर हिरवा, त्यावर पुन्हा हिरवा. घासलेल्या जागेच्या कडेला नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखी वळणं उमटत गेली.

बंपरवर आधी वर टोक केलेला बाण निघाला. लष्करी गाडीच्या नंबराची सुरुवात या बाणाने होते. इंग्रजांच्या काळात सरकारी शस्त्रसामग्रीवर असा बाण मारायची पद्धत होती, ती तशीच राहिली. बाणानंतरचे दोन आकडे गाडी दाखल झाल्याच्या वर्षाचे, पुढचं इंग्रजी अक्षर गाडीच्या वर्गाचं. आमच्या बंपरवर 73 वाचता आलं. पुढचं अर्धं गंजाने खाल्लं होतं. म्हणजे गाडी नव्या कारखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांतली, आणि मी जन्मण्याआधी फौजेत भरती झालेली.

एका बाजूच्या मडगार्डावर चौकोन निघाला. वरचा अर्धा लाल, खालचा निळा, मधे पांढरा आकडा. नाना लांबूनच म्हणाले, “तोपखाना.” हे मला ठाऊक नव्हतं. फौजी गाडीवर साधारण दोन खुणा असतात. एक सांगते की गाडी कुठल्या प्रकारच्या पलटणीची आहे, तिला टॅक साइन म्हणतात. लाल-निळा तोफखान्याचा, पांढरा-निळा सिग्नलचा, लाल-हिरवा तिरपा कापलेला एएससीचा म्हणजे रसद-वाहतुकीचा. रंगांची ही वाटणी दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पद्धतीतून आली आहे. मधला आकडा नेमक्या युनिटचा, आणि तो कळायला आतल्याच माणसाजवळ यादी हवी. दुसरी खूण डिव्हिजनची किंवा कोअरची. फौजी बोलीत ‘डिव साइन’. ती दुसऱ्या बाजूला असणार होती.

त्या बाजूच्या मडगार्डावर काम करताना मी पेंटरला हातच लावू दिला नाही. रविवारची दुपार होती, नाना बादलीवर बसून विडी ओढत होते. हजार नंबरच्या कागदाखाली आधी काळा गोल डाग दिसला, मग डागाला खाली देठ फुटला, मग वर टोक आलं. पत्त्यांतला इस्पिक. नानांनी विडी विझवली आणि उठून जवळ आले. “एक्का,” ते म्हणाले. “पंचवीस डिव. राजौरी.” आणि मग त्यांच्या नेहमीच्या सुरात, “थंडीत लई हाल केलेत माझे ह्या एक्क्यानं.” तेही त्या भागात होते, वेगळ्या काळी, वेगळ्या युनिटात. या गाडीशी त्यांची गाठ पडली असण्याची शक्यता फार थोडी. ते तसं म्हणालेही नाहीत.

इस्पिकच्या एक्क्याच्या कडेला काळ्याखालून पिवळं काहीतरी डोकावत होतं. पुन्हा हलक्या हाताने घासल्यावर त्यात बाणाचं पातं ओळखता आलं. म्हणजे राजौरीच्या आधी ही गाडी गोल्डन ॲरोकडे, फिरोजपूरच्या सातव्या डिव्हिजनकडे होती. गाड्या वर्कशॉपला जातात, दुरुस्त होऊन दुसऱ्याच युनिटला मिळतात, त्यामुळे एका जागी दोन चिन्हं सापडणं नानांना नवलाचं वाटलं नाही. मला वाटलं. पंजाबच्या सपाट रानातून जम्मूच्या डोंगरात झालेली बदली एका तळहाताएवढ्या जागेत कुणीतरी लिहून ठेवली होती, पुसलेल्या अक्षरांत.

या चिन्हांचा इतिहास मी त्यानंतर वाचत गेलो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश डिव्हिजनांनी आपल्या गाड्यांवर, छकड्यांवर आकड्यांऐवजी चित्रं रंगवायला सुरुवात केली. कारण साधं होतं: आकडा शत्रूला वाचता येतो, चित्राचा अर्थ त्याला आधी शोधावा लागतो. म्हणजे ओळख लपवण्यासाठी ही चित्रं आली. पण शिपायाच्या हाती चित्र दिलं की तो त्याच्यावर जीव लावतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती बाह्यांवर शिवली गेली, डिव्हिजनचं नाव मागे पडून चित्राचंच नाव झालं. चौथी हिंदी डिव्हिजन म्हणजे रेड ईगल, पाचवी म्हणजे बॉल ऑफ फायर, सतरावी म्हणजे ब्लॅक कॅट. मग उलटं घडू लागलं. मोठ्या चढाईआधी चिन्हं काढून टाकायचे किंवा झाकायचे हुकूम निघू लागले, कारण आता शत्रूलाही ती पाठ झाली होती. नाना म्हणाले, आमच्या वेळीही तेच, युद्धसरावाला निघताना मडगार्डावर चिखल फासायचा.

चित्रं निवडण्यामागचे विचारही मजेशीर आहेत. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सैन्याचा प्रमुख विल्यम स्लिम. त्या सैन्याचं चिन्ह त्याने स्वतःच काढलं आणि त्यातली तलवार टोक खाली करून रंगवली. ढालींवरच्या चिन्हांच्या शास्त्रात ते बसत नाही, तलवारीचं टोक वर हवं. पण ब्रह्मदेश उत्तरेकडून खाली येत परत जिंकायचा होता. तेविसाव्या डिव्हिजनने झुंजणारा कोंबडा घेतला. हिंदू, मुसलमान, गुरखा, गोरे, सगळ्यांना त्याची खुमखुमी कळते आणि कुणाच्या धर्माला तो बोचत नाही, हा त्यामागचा हिशेब. त्याच कोंबड्याखाली मराठ्यांची चौथी बटालियन होती आणि मार्च 1944 मध्ये मणिपूरच्या सांगशाकला पॅराशूट ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून ती जपान्यांशी झुंजली. इंफाळ-कोहिमाची नावं आपल्याकडे थोडीफार माहीत असतात. सांगशाकचं नाव मी साताऱ्यासारख्या जिल्ह्यात वाढूनही कधी ऐकलं नव्हतं.

एक्क्याच्या बाबतीत तर घरचाच धागा निघाला. जानेवारी 1945 मध्ये आराकानच्या किनाऱ्यावर कांगावची लढाई झाली, पंचविसाव्या डिव्हिजनच्या एकावन्नाव्या ब्रिगेडने लढलेली. त्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी अधिकारी होते, हे त्या काळात अप्रूपच. थिमय्या, एल. पी. सेन आणि आमच्या कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी बटालियन थोरातांकडे होती आणि मेलरोज असं सांकेतिक नाव दिलेली टेकडी त्यांनी घेतली. तिघांनाही डीएसओ हे लष्करी पदक मिळालं. थिमय्या पुढे सरसेनापती झाले, थोरात लेफ्टनंट जनरल होऊन पूर्व विभागाचे प्रमुख झाले. त्या पलटणींच्या बाह्यांवर होता तोच एक्का माझ्या शेडमधल्या पत्र्यावर उमटला होता. गाडी कांगावच्या कितीतरी नंतरची, डिव्हिजनही मधे मोडून पुन्हा उभी राहिलेली. पण चिन्ह तेच चालत आलं.

आणि त्याच्या खालच्या बाणाची गोष्ट याहून विचित्र. सातवी हिंदी डिव्हिजन आराकानात आणि कोहिमाला लढली तेव्हा तिचं चिन्ह सोनेरी बाण. फाळणीत फौजेचीही वाटणी झाली. आज फिरोजपूरची आपली सातवी इन्फन्ट्री डिव्हिजन स्वतःला गोल्डन ॲरो म्हणवते, आणि पाकिस्तानची सातवी इन्फन्ट्री डिव्हिजनही गोल्डन ॲरोच. जमीन, तोफा, टाइपरायटर, बँडची वाद्यं, सगळ्याचे वाटे घालता आले. बाणाचे घालता आले नाहीत, दोघांनीही तो अख्खा ठेवला. मी हे नानांना सांगितलं तर ते म्हणाले, “ठेवणारच की. मेलेली माणसं दोघांचीबी होती.”

आता प्रश्न असा होता, की या चिन्हांचं करायचं काय.

माझ्या विद्यार्थ्यांचं मत ठाम. सर, गाडी ऑलिव्ह ग्रीन करायची, एक्का पुन्हा रंगवायचा, बाण रंगवायचा, मागे कमानी लावून ताडपत्री. एकाने मोबाइलवर चित्रही करून दाखवलं. दिसायला उत्तम होतं, खोटं का बोलू. पण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 121 सरळ सांगतो, की संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येणार नाही. लोक देतात, साताऱ्यातही दोन-चार जीप तशा फिरतात, आणि ट्रॅफिक पोलीस कधी कधी त्यांना सॅल्यूटही करतात. त्यातच त्या नियमाचं कारण आलं.

रंगाचा निकाल नियमाने लावला, चिन्हाचा मात्र नानांनी. मी म्हटलं, नवीन काही रंगवत नाही, निघालंय ते जसंच्या तसं ठेवू, वर पारदर्शक लॅकर मारू, इतिहास म्हणून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मास्तर, गाडी युनिटातून काढताना तो एक्का कुणी झाकला? माझ्यासारख्याच कुणीतरी. हुकूम असतो तसा. साइन मिटवूनच गाडी बाहेर सोडायची. आता त्यो उघडा करून तुम्ही बाजारात नेणार, त्याच्यावर भाजी ठेवणार.” मी म्हटलं, पण नाना, हे कौतुकानेच ना? “कौतुक तुमचं हाय. एक्का त्यांचा हाय.”

मी वाद घातला. संग्रहालयांत चिन्हं उघडीच असतात, नगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन बघा. त्यावर ते म्हणाले, तिथे गाडीही फौजेचीच असते. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय आतून मला त्यांचं पटलंही होतं, कारण रस्त्यावरच्या स्टिकरांचा मला स्वतःला संताप आहे. मोपेडच्या मडगार्डावर पॅरा कमांडोंचा पंख असलेला खंजीर, ‘बलिदान’. 2019 च्या विश्वचषकात धोनीने तो हातमोज्यांवर लावला तेव्हा आयसीसीने काढायला लावला आणि देशभर वाद झाला. धोनी निदान पॅराशूट रेजिमेंटच्या टेरिटोरियल बटालियनचा मानद लेफ्टनंट कर्नल आहे, पॅराशूटच्या उड्या मारलेला. मोपेडवाल्याने तो चौकातल्या दुकानातून वीस रुपयांना घेतलेला असतो. त्या बिल्ल्यासाठी माणसं काय काय सोसतात आणि किती जण मधेच परत पाठवले जातात, हे त्या दुकानदाराला विचारून उपयोग नाही. मग माझ्या गाडीवरचा एक्का त्याहून वेगळा कसा? माझा खरा आहे, त्याचा छापील, एवढाच फरक. मिरवणारा दोन्हीकडे बिनफौजीच.

शेवटी आम्ही त्या दोन्ही जागांचे मोजपट्टी ठेवून फोटो काढले, बटर पेपरवर एक्क्याची आणि त्याखालच्या बाणाची रेघ उतरवून घेतली. तो कागद नानांनी मागून घेतला. काय करणार ते विचारलं नाही. मग दोन्ही मडगार्डांवर प्रायमर मारला. चिन्हाच्या कडेला जिथे घासून खोलगट झालं होतं तिथे पेंटर लांबी भरायला निघाला, पण ती नको म्हटलं. पत्रा थोडा उंचसखल राहिला तर राहू दे. गाडीला साधा करडा रंग दिला. विद्यार्थी नाराज झाले. एकाने विचारलं, सर, मग ही फौजेची गाडी आहे हे लोकांना कळणार कसं? मी म्हटलं, इंजिन चालू करू, कळेल.

बंपरवरचं एक चिन्ह मात्र राहिलं. बाणाच्या शेजारी आम्हाला पिवळा गोल आणि त्यात काळा आकडाही सापडला होता. तोही झाकावा असं मी गृहीत धरलं होतं, पण नाना म्हणाले, तो पुन्हा रंगवा. “तो बिल्ला न्हाई. ते वजन हाय.” फौजी पुलांना आणि गाड्यांना भाराचा वर्ग ठरवून देतात. पुलाच्या तोंडाशी आकडा असतो, गाडीच्या नाकावर आकडा असतो, आणि गाडीचा आकडा पुलाच्या आकड्याहून मोठा असला तर गाडी थांबवायची. रात्री, घाईत, अनोळखी ड्रायव्हरलाही हे कळावं म्हणून पिवळ्यावर काळं. पेंटरने तो गोल छान काढला.

फेरनोंदणीच्या तपासणीला गाडी आरटीओच्या मैदानावर नेली तेव्हा नाना शेजारी बसले होते, धुतलेला पांढरा सदरा घालून. लिटरला चार-पाच किलोमीटर या हिशेबाने त्या छोट्याशा फेरीतही पेट्रोलचा काटा हललेला दिसला. इन्स्पेक्टर तरुण होता. चेसिस नंबर पाहिला, इंजिन नंबर बदलल्याचे कागद पाहिले, दिवे, ब्रेक, हॉर्न सगळं पाहिलं. रंग पाहून त्याने मान डोलावली. बहुतेक हिरव्यासाठी तयारी करून आला होता. मग बंपरसमोर थांबला आणि त्या पिवळ्या गोलावर बोट ठेवलं. “हे काय आहे?”

मी तोंड उघडायच्या आत नाना खाली उतरले. पुलांचे वर्ग, लाकडी पूल आणि बेली पूल, भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन गाड्यांमधलं अंतर, पुलावर गिअर का बदलायचा नाही, जम्मूकडच्या एका नाल्यावर अमुक साली काय झालं, सगळं त्याला उभ्याउभ्या ऐकवलं. मागे रिक्षांची रांग वाढत होती. इन्स्पेक्टरने दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि नाना बेली पुलाचे पॅनल कसे जोडतात तिथे पोचले तेव्हा त्याने कागद बॉनेटवर ठेवून सही केली.

“आणि काका,” कागद माझ्या हातात देताना तो म्हणाला, “आपला कृष्णेवरचा पूल हिला चालतो का?”

“बघावं लागंल,” नाना म्हणाले. “त्याच्यावर आकडाच न्हाई.”